हनुवटी कोणी बांधली?

रत्नागिरीत पेठे डॉक्टरांच्या शेजारी सहसा कोणी बसत नसे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. एसटीत गर्दी असली तरी लोक दांड्याला लोंबकळत जायचे, पण त्यांच्या बाकावरची दुसरी जागा काही घ्यायचे नाहीत. न्हाव्यानं त्यांच्यासाठी वेगळा वस्तरा ठेवलान होता आणि तो त्यांना दिसणार नाही असा खालच्या खणात ठेवायचा. त्यांना ते माहीत होतं. "माझा वस्तरा काढ रे," असं ते स्वतःच म्हणायचे आणि तो बिचारा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा.

मेलेल्यांची चिरफाड करणारा डॉक्टर म्हणून लोक भ्यायचे असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. पण लोक भ्यायचे ते त्यांच्या नजरेला. जिवंत माणसाकडेही ते टेबलावर ठेवलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. आधी नखं, मग पायाचे घोटे, मग मान. आमच्या ठाण्यातल्या सावंत रायटरची नखं त्यांनी एकदा चहा पिता पिता बघितली आणि म्हणाले, "सावंत, छाती दाखवून घ्या. आज." सावंत दिवसभर ठाण्यात ती नक्कल करून सगळ्यांना हसवत होता. विसाव्या दिवशी तो डॉक्टरांच्या टेबलावर होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. डॉक्टरांनी त्याच्या कपाळावर हात ठेवलान आणि म्हणाले, "अहो सावंत, मी आज म्हटलं होतं." तेव्हापासून डॉक्टर ठाण्यात आले की आमचे लोक हात पाठीमागे घ्यायचे.

मी साळवी. पोलीस हवालदार होतो, आता घरी कलमांना पाणी घालतो. आमच्या हद्दीत कोणी बुडून, पडून, जळून नाहीतर संशयानं मेलं की तिथं जायचं, दोन पंच पकडायचे, प्रेताचा पंचनामा लिहायचा, प्रेत सरकारी दवाखान्यात आणायचं आणि डॉक्टरांचं काम होईपर्यंत थांबायचं, हे माझ्याकडे. स्वभावानं मी तापट. गुन्हा दिसला की कोणाची तरी गचांडी धरल्याशिवाय मला जेवण जात नसे.

शवागार दवाखान्याच्या मागे, जांभ्या दगडाच्या भिंतींचं, पश्चिमेला एकच मोठी खिडकी. डॉक्टर उजेड असतानाच काम करायचे. ट्यूबलाइटमध्ये रंग खोटे दिसतात म्हणायचे. तोंडाला फडकं बांधायचे नाहीत, कारण नाक झाकलं की अर्धा पुरावा गेला. आत आले की पहिला पाव तास प्रेताला हात लावायचे नाहीत. हात पाठीशी बांधून टेबलाभोवती फिरायचे, वाकायचे, पुन्हा फिरायचे. आणि मेलेल्याशी बोलायचे, तेही अहो-जाहो करून. "आजोबा, जरा कूस बदलू या हं." "ताई, हात वर घेतो, लागणार नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जिवंत माणसाशी ते इतकं गोड कधी बोलले नाहीत.

त्यांची माझी पहिली खटकाखटकी झाली ती अठ्ठ्याण्णव साली. पाऊस ओसरत आला होता. मिऱ्याच्या खडकांत एका खलाशाचं प्रेत लागलं. दोन्ही कान नाहीत, वरचा ओठ नाही. आठवड्यापूर्वी दोन होड्यांच्या खलाशांची बंदरावर जुंपली होती, तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. मी पंचनाम्यात ठोकून दिलं, 'दोन्ही कान धारदार हत्याराने कापलेले.' दुसऱ्या होडीवरचे तिघे तोवर कोठडीत होते.

डॉक्टरांनी पंचनामा वाचलान आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंन.

"हत्यार सापडलं का हो साळवी?"

"शोध चालू आहे साहेब."

"मग ते धारदार आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मला राग आला. कापलेला कान काय बोथट हत्यारानं कापतात? डॉक्टरांनी माझ्या हातात भिंग दिलं. "बघा. काय दिसतं तेवढंच बोला." मी बघितलं. कडा कुरतडल्यासारख्या होत्या, आणि रक्ताचा कुठे मागमूस नव्हता. मग त्यांनी बंदरावरच्या दाऊदचाचाला बोलावून घेतलं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यानं दारातूनच मान लांब केलीन आणि म्हणाला, "ह्यात काय बगायचां? कुर्ल्यांनी खाल्लंनी. आदी बुडाला, मंगे खाल्लंनी." खेकड्यांचं काम होतं ते. डॉक्टरांनी छाती उघडली तेव्हा फुप्फुसांत फेस भरलेला होता, म्हणजे बुडूनच मेलेला. तिघे खलाशी संध्याकाळी सुटले. त्यातल्या एकाचा दात मी पाडला होता, तो मात्र परत लावता आला नाही.

जाताना डॉक्टर म्हणाले, "जे दिसतं ते लिहा साळवी. जे कळतं ते नंतर. दोन्ही एका ओळीत घालू नका." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

दुसरी गोष्ट काजूची. लांज्याकडच्या एका गावात बागेत एक माणूस मरून पडलेला मिळाला. बोटं, ओठ, हनुवटी काळी पडलेली, फोड आलेले. गावाचं मत तयार होतं, "भावानं तोंडात ॲसिड वतलान." बांधावरून भावाभावांचं वाकडं होतंच. मी या वेळी शहाणपणानं नुसते फोड लिहिले, पण मनात भावाला आत टाकून मोकळा झालो होतो. डॉक्टरांनी प्रेताचे हात हुंगलेन. मग कोणाला तरी पाठवून चार ओले काजू आणवलेन, सुरीनं फोडलेन आणि त्यांचा चीक स्वतःच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चोळलान. मी म्हटलं, "डॉक्टर, अहो काय करताय!" तर म्हणतात कसे, "वेळ बघतोय."

दोन दिवसांनी त्यांच्या हातावर तसाच फोड, तसाच काळा. मेलेला माणूस ओले काजू सोलण्याच्या कामावर होता, सोलता सोलता दातांनीही फोडायचा. "फोडात पाणी भरायला माणूस जिवंत असावा लागतो," ते म्हणाले. "याचे फोड मरणाच्या दोन दिवस आधीचे आहेत. मेला तो हृदयानं." भाऊ सुटला. डॉक्टरांच्या हातावर रुपयाएवढा डाग कायमचा राहिला. कोणी विचारलं तर सांगायचे, "काजू खाल्ले." त्यांचा विनोद असाच होता, ऐकून हसावं की उठून जावं कळायचं नाही.

'मत राखून ठेवले आहे' हे त्यांचं आवडतं वाक्य. अहवालात तर असायचंच, पण घरी गेलो आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आंबा कापून पुढे ठेवला, गोड आहे का विचारलं, तरी हे पहिल्या फोडीला मत राखून ठेवणार. वहिनी म्हणायच्या, "लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याबद्दलचं मतसुद्धा अजून राखून ठेवलंय यांनी."

आणखी दोन खोडी होत्या. एक म्हणजे गळा शेवटी. आधी डोकं उघडायचं, मग छाती, सगळं रक्त वाहून जाऊ द्यायचं आणि मग गळ्याला हात घालायचा. फास घेतलेला असो की तापानं गेलेला, घाई कितीही असो, गळा शेवटी. आणि दुसरी, तो प्रश्न. प्रेताबरोबर आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला ते विचारायचे, "हनुवटी कोणी बांधली? कधी बांधली? कधी सोडली?"

आपल्याकडे माणूस गेला की जबडा पडतो, तोंड उघडं राहतं. ते बरं दिसत नाही म्हणून घरातलं कोणीतरी धोतराची नाहीतर लुगड्याची पट्टी फाडतं, हनुवटीखालून घेऊन टाळूवर गाठ मारतं. अंग कडक झालं की सोडून टाकतात. ह्यात विचारण्यासारखं काय असतं? नातेवाईक गोंधळायचे, रडता रडता एकमेकांकडे बघायचे. एकदा रेल्वेखाली गेलेला एक माणूस आणला होता. त्याच्या मेव्हण्यालाही यांनी तोच प्रश्न केलान. मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, याला हनुवटी कुठं राहिलीय?" मला वाटलं हसतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलंन की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला दोन हजार एक साली मिळालं. ते मी फुकटात मिळवलं नाही, आणि आजवर कोणाला धड सांगितलंही नाही.

पावस गावाच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथले सोनूआबा गेले. घरात ते आणि त्यांची सून सुलभा, दोघंच मोठी माणसं. मुलगा दुबईला गवंडीकामावर. सुलभेची लहान मुलगी. आबांचा पुतण्या चंद्रकांत यानं सकाळीच ठाण्यावर फोन केलान, "म्हाताऱ्याला सुनेनं मारलान. काल संध्याकाळी दोघांची भांडणं सगळ्या वाडीनं ऐकली हायत." मी गेलो. वैशाखातलं ऊन, नऊच्या सुमाराला मी घामानं निथळत होतो. आबा माजघरात चटईवर. हनुवटीला निळी पट्टी बांधलेली. म्हाताऱ्याच्या अंगावर मांस नव्हतं, पट्टी घसरून गळ्यात रुतली होती. सुलभेला मी बाहेर काढलं होतं आणि संशयाची बोंब झाल्यापासून वाडीतलं दुसरं कोणी आत पाऊल टाकायला धजलं नव्हतं. दोघे पंच उंबऱ्यावर नाकाला रुमाल लावून बाहेर बघत उभे. पंच असेच असतात, सही तेवढी करतात.

मला वाटलं, म्हातारा म्हातारपणानं गेला आणि ह्या चंद्रकांताचा डोळा घरावर आहे. पंचनाम्याच्या कागदावर तोंड, जीभ, दात असे रकाने असतात, ते बघायला मी गाठ सोडली. तोंडात बघितलं. त्याच पट्टीला बोटं पुसली आणि मागच्या दारानं ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे भिरकावून दिली. का? काही कारण नाही. हात पुसलेलं फडकं माणूस टाकतो तशी टाकली. पडवीत बसून पंचनामा लिहिला. पट्टीचा उल्लेख नाही. 'गळ्यावर विशेष काही नाही.'

तासाभरानं आमचे नवे फौजदार साहेब जीपमधून आले. तरुण, हुशार, देशावरचे. ते वाकले आणि म्हणाले, "साळवी, हे काय?" मी बघितलं. पट्टी सोडली तेव्हा नुसता पुसट वळ होता. आता तो वाळून तपकिरी झाला होता, हनुवटीखालून कानापर्यंत लख्ख. साहेब म्हणाले, "गळा आवळलाय. लिहा." आणि मी आधीची ओळ खोडून लिहिलं, 'दोरीसारख्या वस्तूने गळा आवळल्याचा व्रण.' धारदार हत्यारावरून बोलणी खाल्लेला मी, मीच लिहिलं.

सुलभा दारात उभी होती. तिनं ऐकलं. "ओ साहेब, मी पट्टी बांधलेली आबांना. माझ्या पातळाची, निळी. तेचां आसल तां."

"कुठे आहे पट्टी?" साहेबांनी विचारलं.

तिनं आत डोकावून बघितलंन. चटईवर बघितलंन, कोपऱ्यात बघितलंन. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी पेनाचं टोपण लावत होतो.

बोललो का नाही? तेव्हाच्या तेव्हा बोललो असतो तर साहेबांनी दोन शिव्या घातल्या असत्या, कदाचित निलंबन. त्याच महिन्यात माझी जमादारकी यायची होती. वीस वर्षं वाट बघितलेली. आणि मनात एक पळवाट होती, डॉक्टर काढतील शोधून. लाज वाटते सांगताना, पण मी तसाच विचार केला.

शवागारात डॉक्टर नेहमीसारखे फिरले. "आजोबा, मान वर घेतो हं." डोकं, छाती, आणि गळा शेवटी. आत काही नव्हतं. ना रक्त साकळलेलं, ना हाड मोडलेलं. हृदय मात्र पार खराब झालेलं. साहेब अडून बसले, "मऊ कापडानं आवळलं तर आत खूण राहत नाही, असं पुस्तकात आहे."

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच बाहेरची खूण कशाची ते कळायला हवं." प्रेताबरोबर घरचं कोणी आलं नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे वळले. "साळवी, हनुवटी बांधली होती का?"

"नाही, डॉक्टर."

त्यांनी हात धुतले. बराच वेळ धूत होते. मग लिहिलंन, 'मत राखून ठेवले आहे.'

सुलभा कोठडीत गेली. तिची मुलगी शेजारणीकडे. गावानं तर तिला कधीच फासावर चढवलं होतं. चंद्रकांत रोज ठाण्याच्या दारात येऊन बसायचा. आणि ती मला, मी चहा घेऊन गेलो की, गजाला धरून विचारायची, "हवालदारदादा, पट्टी गावली का ओ? गडग्याकडं वायच बगा ना. कुत्र्यानं नेलीन आसल काय?" तिला माझा संशयसुद्धा नव्हता. माझ्यावर भरवसा होता तिचा. त्या चार दिवसांत मी घरी बायकोवर इतका ओरडलो की ती माहेरी निघून गेली.

पाचव्या दिवशी डॉक्टर ठाण्यावर आले. "साळवी, मला त्या घरी न्या."

रिक्षानं निघालो. भाट्याच्या पुलावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येईना, म्हणून डॉक्टर पूल संपेपर्यंत थांबले. मग समोर बघत बोलायला लागले. आवाज नेहमीचाच, अहवाल वाचल्यासारखा.

"सत्तावीस वर्षांचा होतो मी. लांबच्या जिल्ह्यात पहिलीच नेमणूक. एक म्हातारी आली. हनुवटीखाली असाच पट्टा. मी उत्साहात आधी गळाच उघडला. आत रक्त दिसलं. ते माझ्याच सुरीनं सांडलेलं होतं, डोकं-छाती आधी मोकळी केली नव्हती म्हणून. मला ते कळलं नाही. मी लिहिलं, गळा दाबून मृत्यू. कोर्टात ठणकावून सांगितलं. सुनेला जन्मठेप झाली."

रिक्षावाला आरशातून बघत होता.

"नऊ वर्षांनी माझे वडील गेले. काकांनी पंच्याची पट्टी फाडून हनुवटी बांधलीन. दुपारी सोडली. मी पायाशी बसलो होतो. आणि वडिलांच्या गळ्यावर तो पट्टा वर आला साळवी. तसाच्या तसा. रंगसुद्धा तोच."

"मग?" मी विचारलं.

"तेराव्यापर्यंत थांबलो नाही. त्या जिल्ह्यात गेलो, वकील गाठला, कागद काढले. ती बाई दोन वर्षांपूर्वीच तुरुंगात मेली होती. कोर्टात ती ओरडून सांगत होती, पट्टी मी बांधली, पट्टी मी बांधली. मला वाटलं होतं, काहीतरी बहाणा करतेय."

वाडीत उतरलो.

घराला कुलूप होतं, ते मी उघडलं. डॉक्टरांनी माजघर बघितलंन, चटई बघितलीन. दांडीवर सुलभेचं जुनं निळं पातळ होतं. त्याचा एक काठ फाडलेला होता. डॉक्टरांनी तो बोटानं चाचपलान आणि माझ्याकडे न बघता विचारलंन, "फाडलेली पट्टी कुठे असेल हो साळवी?"

मी मागच्या दारानं बाहेर पडलो. गडगा ओलांडला. शोधलं नाही काही. सरळ त्या करवंदीच्या जाळीपाशी गेलो, काट्यात अडकलेली पट्टी सोडवली आणि घेऊन आलो. त्यांच्या पुढ्यात धरली.

शोधावं न लागता मी ती आणली, हे त्यांनी बघितलंन. मला वाटलं आता हा माणूस माझी सालटी काढणार. ते म्हणाले, "पंच बोलवा. पंचनामा करा. जे दिसतं ते. आणि जे केलंत ते."

"डॉक्टर, माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. त्याबाबत मी मत राखून ठेवतो. पण लिहा."

मी लिहिलं. 'हनुवटीस बांधलेली पट्टी मी सोडली. मी टाकली. पंचनाम्यात लिहिली नाही. विचारले असता खोटे सांगितले.' सही केली. डॉक्टरांनी पट्टीची रुंदी मोजलीन, टिपून ठेवलेल्या गळ्यावरच्या पट्ट्याच्या मापाशी ताडून बघितलीन. फोटोतला विणीचा ठसासुद्धा जुळला. दुसऱ्या दिवशी अंतिम मत गेलं, मृत्यू नैसर्गिक, हृदयविकाराने. गळ्यावरील खूण मरणानंतरची.

सुलभा सुटली. सुटली तेव्हा मी ठाण्यात नव्हतो, निलंबनाचा कागद घेऊन घरी बसलो होतो. नोकरी राहिली, जमादारकी गेली ती गेलीच. सुलभेला मात्र वाडीनं पुन्हा आत घेतलं नाही. डॉक्टरांचा कागद वाचतो कोण? "पोलिसांनी नेलेली," एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. तिच्या हातचं पाणी कोणी पिईना. वर्षभरात ती मुलीला घेऊन निघून गेली. मी कितीदा ठरवलं, जाऊन पाय धरावेत. गेलो नाही.

डॉक्टरांवर मात्र मी दात धरून होतो. वर्षभर त्यांचं तोंड बघितलं नाही. शेवटी एकदा बाजारात समोरासमोर आलो तेव्हा तडकलो, "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"पहिल्या दिवशीच थोडं. आबांच्या कानामागे निळा धागा होता."

"मग तेव्हाच बोलायचं होतंत! मला कशाला पाच दिवस भाजत ठेवलंत?"

"एक धागा कशाचाही असतो. मला पट्टी हवी होती, आणि ती तुमच्याकडून यायला हवी होती." मग म्हणाले, "पण थांबायला नको होतं. ती बाई आत होती. पाच दिवस माझ्याही नावावर आहेत साळवी. मी ते मांडून ठेवलेत."

त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. त्या दिवसापासून मी पुन्हा त्यांच्याकडे जायला लागलो, दर रविवारी, ते निवृत्त झाल्यावरही. एसटीतही त्यांच्या शेजारी मी बसायचो. एकदा माझ्या पायाच्या घोट्याकडे बघायला लागले तेव्हा मी पाय आत घेतला आणि म्हटलं, "मत राखून ठेवा." ते खो खो हसले. तसं हसताना मी त्यांना एकदाच बघितलं.

दोन हजार आठ साली, थंडीत, सकाळी वहिनींचा फोन आला. नुसतं म्हणाल्या, "साळवी, या."

मी पोचलो तेव्हा पाच-सहा माणसं जमली होती, सगळी भिंतीला लागून. डॉक्टर पलंगावर उताणे. झोपेतच गेले होते. तोंड उघडं होतं. डॉक्टरांचा पुतण्या पुण्याहून आदल्या दिवशी आलेला, त्याच्या हातात पंच्याची फाडलेली पट्टी होती, पण पुढे व्हायचं त्याला धाडस होईना. बाकीचे जमिनीकडे बघत होते. जन्मभर ज्यांनी हजारो लोकांना हात लावला, त्यांना हात लावायला तिथं माणूस नव्हता. मला इतका संताप आला की तोंडात शिव्याच आल्या.

मी पट्टी घेतली. पलंगापाशी उभा राहिलो, पण लगेच हात लावला नाही. हात पाठीशी बांधून वायच बघत राहिलो. उजेड खिडकीतून येत होता. डाव्या हातावर काजूचा डाग होता. मग वाकलो आणि म्हणालो, "डॉक्टर, हनुवटी वर घेतो हं. लागणार नाही." मागे वहिनींना हुंदका फुटला. मी हनुवटी वर घेतली, पट्टी खालून घेतली, टाळूवर गाठ मारली. फार आवळली नाही. घड्याळात बघितलं.

"वहिनी, एक कागद द्या."

पुतण्या म्हणाला, "काका, हे कशाला? इथं कोण विचारणार आहे?"

पलंगाच्या कडेला बसून लिहिलं, 'सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी हनुवटीस पट्टी बांधली. पंच्याची, पांढरी. मी बांधली.' कागद त्यांच्या उशाशी ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. दुपारी दोन वाजता पट्टी मीच सोडली. तेही लिहिलं. गळ्यावर पुसट वळ उठला होता. तोही लिहिला, आणि खाली सही केली.